गाडीसमोर उभं राहायला सांगितलं कोणी?

पोलिसांनी गाडीवर गोळीबार केला अशी बातमी आली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत काय असणार हे मला आता पाठ झालंय. 'आरोपीने पोलिसांच्या अंगावर गाडी घालण्याचा प्रयत्न केला, त्यामुळे पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला.' गाव बदलतं, गाडीचं मॉडेल बदलतं, ओळ तीच. आणि ही काही फक्त आपल्याकडची ओळ नाही, पॅरिसच्या उपनगरात काय किंवा टेक्सासमध्ये काय, पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ती असतेच. कधी ती शंभर टक्के खरी असते. कधी सपशेल थाप असते. आणि बरेचदा ती खरी असूनही अर्धीच असते, मला जास्त छळतात त्या याच केसेस, कारण गाडी अंगावर आली एवढं सांगतात पण अंग गाडीच्या वाटेत गेलं कसं हे कोणी सांगत नाही.

थाप असलेल्यांपैकी सगळ्यात गाजलेली केस दिल्लीची. ३१ मार्च १९९७, दुपारची वेळ, कॅनॉट प्लेसजवळचा बाराखंबा रोड, म्हणजे आपल्याकडे फोर्ट किंवा फ्लोरा फाउंटन म्हणावं तसला भाग, ऑफिसं, बँका, माणसांची ये-जा. दिल्ली क्राइम ब्रँचची एक टीम उत्तर प्रदेशातल्या यासीन नावाच्या गुंडाच्या मागावर होती. फोन टॅप केलेले होते, त्यावरून तो पटपडगंजच्या मदर डेअरीपाशी येणार अशी टीप होती. तिथे त्यांना एक निळी मारुती एस्टीम दिसली आणि हाच तो असं धरून त्यांनी पाठलाग सुरू केला. शहर ओलांडून ती गाडी बाराखंबा रोडच्या सिग्नलपाशी आली, लाल दिवा होता म्हणून थांबली, आणि पोलिसांनी तिला घेरून गोळ्या झाडल्या. आतले दोन व्यापारी जागीच संपले, तिसरा जखमी झाला पण वाचला. यासीन त्या गाडीत नव्हताच. त्याचा आणि या तिघांचा काही संबंधच नव्हता.

इथे 'गाडी अंगावर घातली' म्हणायची सोय नव्हती, भर दुपारी सिग्नलला उभी असलेली गाडी ती, बघणारे शेकडो. मग सांगितलं की आतून आधी फायरिंग झालं. गाडीत पिस्तूलही 'सापडलं'. पुढे सीबीआयने तपास केला आणि कोर्टात निघालं की ते पिस्तूल नंतर ठेवलेलं होतं. २००७ मध्ये सेशन्स कोर्टाने एसीपी एस. एस. राठी यांच्यासह दहा पोलिसांना जन्मठेप दिली, २००९ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली आणि मे २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने. चौदा वर्षं लागली. सुप्रीम कोर्टात एक मुद्दा असा मांडला गेला की खालच्या माणसांनी फक्त साहेबांचा हुकूम पाळला. कोर्टाने तो मानला नाही, बेकायदा हुकूम पाळणं हा बचाव होत नाही. (त्याच महिन्यात मुंबईच्या लखनभैया नावाच्या माणसाच्या बनावट एन्काउंटर प्रकरणातही सुप्रीम कोर्ट हेच बोललं, आणखी कडक शब्दांत.)

या केसमध्ये मला नेहमी अडकायला होतं ते पाठलागापाशी. पटपडगंज ते कॅनॉट प्लेस म्हणजे यमुनेच्या पलीकडून अलीकडे. त्या सगळ्या वेळात ती गाडी पोलिसांच्या नजरेसमोर होती. नंबर समोर होता. नंबरवरून मालक कोण ते विचारता आलं असतं, एखाद्या वर्दीतल्या ट्रॅफिकवाल्याला सांगून लायसन्स बघायच्या निमित्ताने गाडी बाजूला घेता आली असती, तिघांचे चेहरे जवळून बघता आले असते. यातलं काही न करता थेट शेवटचं पाऊल उचललं. गाडीत बसलेला माणूस असाही दिसायला अर्धाच दिसतो, खांदे, डोकं, काचेवर उन्हाची तिरीप, आणि बघणाऱ्याने आधीच ठरवलेलं असलं की हा यासीन, की मग त्याला यासीनच दिसतो.

माझे एक मामा पोलिसात होते. साताऱ्याकडे, बरीच वर्षं हायवेच्या बंदोबस्तात, सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. त्यांना एकदा मी विचारलं होतं की मामा, नाकाबंदीत गाडी थांबली नाही तर तुम्ही लोक काय करायचात. ते चहा ओतत होते, हसले आणि म्हणाले, "अगं, आधी मला सांग बंपरसमोर कोण उभा राहतो? ज्याला पेन्शन नको तो."

मग त्यांनी टेबलावर मांडूनच दाखवलं. साखरेचा डबा आणि बिस्किटांचा पुडा हे बॅरिकेड, नागमोडी लावायचे, एकासमोर एक नाही, म्हणजे गाडीला वेग आपोआप कमी करावा लागतो. पहिल्या बॅरिकेडच्या आधी खूप अंतरावर एक माणूस दिवा घेऊन, तो फक्त वेग कमी करायला खुणावणार. तपासणारा ड्रायव्हरच्या बाजूला, पण दाराच्या थोडा मागे, म्हणजे ड्रायव्हरला मान वळवून बघावं लागतं आणि दार धाडकन उघडलं तरी आपल्याला लागत नाही. एकजण मागच्या चाकापाशी. आणि वॉकीटॉकीवाला सगळ्यात लांब, बॅरिकेडच्या पलीकडे, कारण गाडी फोडून गेली तर पुढच्या नाक्याला नंबर त्यालाच द्यायचाय. "पळाली तर पळू दे की," मामा म्हणाले, "पुढं खंबाटकी आहे, त्याच्या पुढं टोलनाका आहे, गाडी काय उडून जाणारे का?"

मी विचारलं, आणि गोळी? तर म्हणाले वर्षातून एकदा चांदमारी, तीही उभ्या टार्गेटवर, दिवसाउजेडी. त्यावर रात्री धावत्या गाडीचा टायर फोडायचा म्हणजे पिक्चरमध्येच ठीक. टायर चुकला की गोळी रस्त्यावर आपटून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि समजा ड्रायव्हरलाच लागली तर मग हजार-दीड हजार किलोचं धूड, स्टिअरिंगवर कोणी नाही, ॲक्सिलरेटरवर पाय तसाच. "मग ती कुणाच्या अंगावर जाणार ते देवालाच माहीत."

मामांना न्यूयॉर्कचं काही माहीत नव्हतं, पण न्यूयॉर्क पोलिसांनी १९७२ मध्ये हेच लिहून ठेवलंय. तिथे तोवर पळणाऱ्या गाडीवर गोळी घालणं नेहमीचं होतं. त्या वर्षी चोरीच्या गाडीच्या भानगडीत पळणारा एक शाळकरी मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला, लोक चिडले, आणि खात्याने नियम काढला की धावत्या गाडीवर गोळी घालायची नाही. गाडी हेच हत्यार आहे असं म्हणूनसुद्धा नाही, आतला माणूस गाडीशिवाय दुसऱ्या कशाने जीव घ्यायला उठला असेल तरच. म्हणजे गाडी अंगावर येत असेल तर बाजूला व्हा. पोलिसांनी अर्थातच आरडाओरडा केला की आता आमचे हकनाक मरणार. पुढच्या काही वर्षांचा अभ्यास झाला त्यात दिसलं की गोळीबाराच्या घटना खूपच घटल्या आणि पोलिसांचं मरण काही वाढलं नाही. पन्नास वर्षं होऊन गेली याला. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी नंतर असे नियम केले, सगळ्यांनी नाही, आणि ज्यांनी केले तिथेही 'अगदीच गत्यंतर नसेल तर' अशी एक फट राहतेच आणि त्या फटीतून पूर्ण ट्रक जातो.

टेक्सासमधली ह्यूस्टनची केस बघा. एप्रिल २०१६, टोल रोडवर एका तरुणाला पोलिसाने थांबवलं. कारण काय, तर त्या गाडीवर टोल थकल्याची नोंद होती. गाडीही भाड्याची, टोल त्यानेच थकवला होता की आधीच्या कुणी हेही धड कळायची सोय नाही. बोलणं चालू असताना गाडी पुढे सरकायला लागली, तर रोबर्टो फेलिक्स नावाचा तो पोलीस दाराच्या पायपट्टीवर उडी मारून चढला, आता चालत्या गाडीला लटकलेला माणूस जिवाच्या धोक्यात असणारच, आणि त्या धोक्यामुळे त्याने आत दोन गोळ्या घातल्या. उडीपासून गोळीपर्यंत दोन सेकंदं. अ‍ॅश्टियन बार्न्स, म्हणजे तो तरुण, गेला. मरता मरता गाडी त्याने थांबवली होती.

खालची कोर्टं म्हणाली आम्ही फक्त ती दोन सेकंदं बघणार, त्या क्षणी पोलिसाच्या जिवाला धोका होता का, होता, मग विषय संपला. मला हे वाचून खरंच हसू आलं होतं, रडू येण्याच्या अलीकडचं हसू. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने, तेही एकमताने, सांगितलं की असं चिमटीत पकडून दोन सेकंदं बघता येणार नाहीत, आधी काय काय झालं तेही सगळं बघा. पण पोलिसाने स्वतःच स्वतःला धोक्यात टाकलं असेल तर काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र कोर्टाने तेव्हा दिलं नाही, बाजूला ठेवलं. म्हणजे मामांचा बंपरचा प्रश्न अजून तिथे लोंबकळतोय.

फ्रान्समध्ये उलटा प्रवास झाला. तिथे २०१७ मध्ये कायदा बदलून पोलिसांना जरा जास्त मोकळीक दिली, थांबायला सांगून न थांबणाऱ्या गाडीतला माणूस पुढे कुणाच्या जिवावर उठू शकतो असं वाटलं तर गोळी घालता येईल अशी. कायद्याची भाषा तशी सावध आहे, 'अत्यंत आवश्यक' वगैरे शब्द आहेत. पण रस्त्यावर उभ्या माणसापर्यंत कायदा पोचतो तो गाळून, 'आता चालतं' एवढाच. २०२२ या एका वर्षात गाडी न थांबवल्याच्या प्रसंगांत तिथे तेराजण पोलिसांच्या गोळीने मेले. आणि २७ जून २०२३ ला पॅरिसजवळच्या नांतेरमध्ये सतरा वर्षांचा नाहेल. पिवळी मर्सिडीज, दोन मोटारसायकलवाले पोलीस. आधी बातमी काय आली, तर गाडी पोलिसांच्या अंगावर घातली. मग काही तासांत कुणीतरी काढलेला व्हिडिओ आला आणि त्यात स्पष्ट दिसलं की पोलीस गाडीच्या समोर नाहीच, बाजूला, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी उभा राहून पिस्तूल रोखून आहे. गाडी हलली आणि गोळी सुटली. त्यानंतर फ्रान्स किती दिवस जळत होतं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. व्हिडिओ नसता तर? तर ती पहिली ओळच राहिली असती.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो हे बघायला गेलं तर तो खरं म्हणजे बराच शहाणा आहे. फौजदारी प्रक्रियेचा कायदा, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं कलम ४६, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४३. अटक करताना कुणी विरोध केला किंवा पळायला लागला तर आवश्यक ते सगळे उपाय पोलिसांनी करावेत, पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यातल्या माणसाचा जीव घ्यायचा हक्क या कलमाने मिळत नाही. म्हणजे नुसता नाका तोडला, दारू पिऊन पळाला, लायसन्स नाही म्हणून घाबरून गाडी दामटली, तर गोळी नाही. त्यामुळेच एफआयआरमध्ये 'पळत होता' एवढ्याने भागत नाही, 'अंगावर घातली' हे लिहावंच लागतं, कारण मग स्वसंरक्षणाचा हक्क येतो आणि तो पोलिसालाही आहे, तुम्हाआम्हाला आहे तेवढाच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लखनौच्या गोमतीनगरात मध्यरात्रीनंतर एका कॉन्स्टेबलने समोरच्या काचेतून गोळी घातली आणि एका मोठ्या कंपनीत मॅनेजर असलेला माणूस गेला, तेव्हाही तेच, माझ्यावर गाडी घालत होता. मेलेला माणूस मध्यमवर्गीय, शिकला-सवरलेला, म्हणून देशभर गाजलं. तो भाजीचा टेम्पो चालवणारा असता तर आपण नावही ऐकलं नसतं, असं मला वाटतं.

आणि न थांबणाऱ्याच्या बाजूनेही एकदा बघायला पाहिजे. मागे आम्ही रात्री उशिरा कोल्हापूरहून पुण्याला येत होतो, चुलतभाऊ गाडी चालवत होता, एसी चालू, काचा बंद, गाणी लावलेली. एका वळणानंतर अंधारात दोन माणसं, साधे कपडे, एकाच्या हातात टॉर्च, थांबा थांबा करताहेत. टॉर्च थेट डोळ्यांवर, त्यामुळे माणसांचे फक्त काळे आकार. भावाने जराही वेग कमी केला नाही, उलट वाढवला, म्हणाला इथे लुटतात, थांबायचं नाही. मागे काकू देवाचं नाव घ्यायला लागलेली. थोडं पुढे गेलो तर खरी नाकाबंदी, जीप, वर्दी, सगळं. मागचे दोघे त्यांचेच. आम्हाला ओरडा बसला, डिकी बघितली, आणि वर एक हवालदार म्हणाला की ताई तुम्ही केलं ते बरोबरच आहे हो, आमच्या पोरांना जॅकेट घाला म्हणून सांगून सांगून दमलो. आम्ही गाडीत एक शब्दही ऐकला नव्हता. बाहेरून ते ओरडत असतील, आत नुसतं गाणं.

आता दुसरी बाजू, कारण ती नाही सांगितली तर मामा मला घरात घेणार नाहीत. गाडी अंगावर घालतात, खरंच घालतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत एका ट्रॅफिक पोलिसाला बॉनेटवर घेऊन एकजण वाशीपासून जवळपास वीस किलोमीटर गेला होता. वाळूचे ट्रक तलाठ्यांच्या, तहसीलदारांच्या अंगावर घातल्याच्या बातम्या तर आपल्याकडे पावसाच्या बातम्यांसारख्या येतात, आणि त्या बिचाऱ्यांकडे तर काठीसुद्धा नसते.

आणि मग गिरगाव चौपाटी आहे. २६/११ ची रात्र, बारा वाजून गेलेले. कामा हॉस्पिटलच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर ज्या क्वालिसमध्ये मारले गेले तीच घेऊन कसाब आणि इस्माईल निघाले होते, मागच्या सीटवर मेलेल्या सहकाऱ्यांमध्ये जखमी अरुण जाधव पडून होते. ती गाडी टाकून दोघांनी एक स्कोडा पळवली, जाधवांनी वायरलेसवरून कळवलं, आणि डी. बी. मार्ग पोलीस स्टेशनच्या लोकांनी चौपाटीवर बॅरिकेड लावले. स्कोडा आली, बॅरिकेडच्या थोडं अलीकडेच थांबली, हेडलाइट फुल्ल, आणि आतून काचेवर पाणी मारून वायपर चालू केला. का, तर आत कोण किती काही दिसू नये. मग यू-टर्न मारायला गेली आणि दुभाजकावर अडकली. गोळीबार झाला, इस्माईल मेला. दुसऱ्या बाजूने कसाब, त्याच्या एके-४७ ची नळी तुकाराम ओंबळे यांनी हातांनी धरून ठेवली, हातात फक्त लाठी असलेल्या माणसाने, गोळ्या पोटात घेतल्या आणि सोडली नाही. बाकीच्यांनी कसाबला लाठ्यांनी बडवून जिवंत धरला. जिवंत, म्हणून पुढचा सगळा खटला उभा राहिला, पाकिस्तानचा धागा कोर्टात पुराव्याने सांगता आला.

बाराखंबा आणि चौपाटी मी नेहमी शेजारी ठेवून बघते. दोन्हीकडे गाडीचं वर्णन, दोन्हीकडे घेरलेली गाडी, दोन्हीकडे आत कोण ते नीट दिसत नाही. चौपाटीवरच्यांना तर आधीच माहीत होतं की आतल्यांनी त्या रात्री किती माणसं मारलीत, त्यांनी लांबूनच गाडीची चाळण केली असती तर कुणी एक शब्द बोललं नसतं. तरी ते थांबले, गाडी काय करते ते बघितलं, गोळी चालली ती समोरच्या गोळीला उत्तर म्हणून. त्यातही एकाने आपला जीव घालवून समोरच्याला जिवंत ठेवलं. दिल्लीत समोरून काहीच होत नव्हतं.

बदलापूर प्रकरणाबद्दल लिहू की नको असं करत होते, कारण तिथला आरोप लहान मुलींवरच्या अत्याचाराचा, आणि त्या माणसासाठी माझ्याही मनात कणव नाही. पण तोही गाडीतच मेला, पोलिसांच्याच व्हॅनमध्ये, मुंब्रा बायपासजवळ, २३ सप्टेंबर २०२४ ला. त्याने पिस्तूल हिसकावलं असं पोलीस म्हणाले. व्हॅनमधल्या चार पोलिसांना एक माणूस आवरला कसा नाही, असं हायकोर्टाने विचारलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. बाहेर मात्र पेढे वाटून झाले होते, 'बदला पुरा' चे बॅनर लागले होते. योगायोग असा की बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ ला, सुप्रीम कोर्टाने एन्काउंटरच्या चौकशीचे नियम घालून दिले होते, आणि ते ज्या याचिकेवर दिले ती मुंबईचीच होती, १९९५ ते ९७ मधल्या ९९ एन्काउंटरची, १३५ च्या आसपास माणसं मेली होती त्यांत.

त्या नियमांत बरंच काही आहे. टीप मिळाली तर ती लिहून ठेवा, एफआयआर करा, तपास दुसऱ्या पोलीस स्टेशनने किंवा सीआयडीने करावा, मॅजिस्ट्रेटची चौकशी, हत्यारं फॉरेन्सिकला, लगेच बढत्या-शौर्यपदकं नकोत. चांगलंच आहे. पण हे बहुतेक सगळं गोळी सुटल्यानंतरचं. नाका लावायचा कसा, अंतर किती, प्रत्येकाने उभं कुठे राहायचं, साध्या कपड्यातल्याने गाडी अडवायची का, गाडी पळाली तर पाठलाग कधी सोडून द्यायचा, याबद्दल आपण सामान्य लोक कधी काही विचारतच नाही. आता तर गाडी पळाली तरी जाते कुठे, चौकाचौकात कॅमेरे आहेत, टोलवर फास्टॅग आहे, उद्या सकाळी घरी जाऊन उचला की. किरकोळ दंडासाठी किंवा संशयासाठी आज रात्रीच गाठलं पाहिजे असं काय आहे?

हे सगळं मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, चौपाटीच्या भागाला डोळे पुसले, आणि मग म्हणाले, लिहिलंयस ठीक, पण एक राहिलं. साहेब गाडीत बसून असतात, वायरलेसवर म्हणतात काही झालं तरी गाडी सुटता कामा नये. सुटली तर उद्या मेमो कुणाला? नाक्यावरच्या पोराला. तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं, नुकतं ट्रेनिंगमधून आलेलं, मेमोच्या भीतीने ते पळत जातं आणि बंपरसमोर उभं राहतं. मग मी विचारलं की तुम्ही असताना कुणाला गाडी सुटली म्हणून मेमो मिळाला होता का, तर म्हणाले, मला स्वतःला, आणि कपाटातून फाइल काढायला उठले.